ट्रिगर हलका केला की पिस्तुलाचा नेम सुधारतो का? (स्वसंरक्षणाची पिस्तुलं)

लोखंडी_चाप

स्वसंरक्षणाच्या पिस्तुलावर कुठलाही धागा निघाला की गाडी ट्रिगरवर येतेच. अमका कनेक्टर टाक, तमकी स्प्रिंग बदल, वजन साडेतीन पौंडांवर आण. मग कुणाच्या पिस्तुलाची पिन टिकलीवर (काडतुसाच्या बुडातला, मार बसला की पेटणारा भाग) हलकी बसायला लागते, कुणाचा ट्रिगर पुढे परत येत नाही. हे सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

आधी ट्रिगर नेमात नेमका कुठे येतो ते पाहू. ग्लॉक १७ वर पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण १६५ मिमी अंतर आहे. ट्रिगर ओढताना माशी खाचेत १ मिमी बाजूला सरकली तर १० मीटरवर गोळी ६० मिमी बाजूला जाते, ७ मीटरवर ४२ मिमी. पूर्ण भरलेलं पिस्तूल ९०० ग्रॅमच्या आसपास आणि ५.५ पौंडांच्या ट्रिगरवर लागणारा जोर २.५ किलो. शस्त्राच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोर एका बोटाने लावायचा आणि शस्त्र हलू द्यायचं नाही, असा हा मामला आहे.

यावर "मग जोर कमी करा" हे उत्तर लगेच सुचतं. पण सरळ मागे जाणारा जोर तळव्यात जिरतो, माशी हलते ती त्यातल्या तिरक्या भागाने. २.५ किलोतला दहावा हिस्सा तिरका गेला तर २५० ग्रॅम. ट्रिगर २ किलोवर आणला की तोच तिरका जोर २०० ग्रॅम. आणि बोट नीट बसवून तिरका हिस्सा दहाव्याऐवजी विसावा केला, तर मूळच्याच ट्रिगरवर १२५ ग्रॅम. हिशोब ढोबळ आहे, पण पैसे आणि वेळ कुठे घालायचे ते त्यावरून कळतं.

वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोर, हा ट्रिगरचा एक गुण झाला. बाकीचे असे: टेक-अप म्हणजे सुरुवातीचा सैल प्रवास; वॉल म्हणजे जिथे बोटाला अडल्यासारखं वाटतं ती जागा; क्रीप म्हणजे वॉलनंतर सुटेपर्यंतचं सरकणं; ब्रेक म्हणजे सुटणं; ओव्हरट्रॅव्हल म्हणजे सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे जातो तो भाग; आणि रीसेट म्हणजे ट्रिगर पुढे येऊन पुन्हा ओढायला तयार होतो ती जागा. नेम बिघडवण्यात सर्वांत मोठा हात खरखरीत क्रीपचा असतो. बोट अडखळतं, माणूस जोर वाढवतो, अडकलेलं एकदम सुटतं आणि पिस्तूल धक्का खातं. ६ पौंडांचा पण एकसारखा सरकणारा ट्रिगर ४ पौंडांच्या दाणेदार ट्रिगरपेक्षा चांगला, असं माझं मत. वाद घाला.

वर्तुळातला_ठिपका

तिरक्या जोराचा हिशोब आवडला. त्याला पुस्ती: काहीही बदलण्याआधी दोष ट्रिगरचा आहे की हाताचा, हे शोधता येतं.

पिस्तूल रिकामं करा. मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासा, मग पुन्हा एकदा. काडतुसं त्या खोलीतच नकोत, आणि ज्या भिंतीकडे रोखणार ती गोळी अडवू शकेल अशी हवी. रेलवर लेझर लावा किंवा चेंबरमध्ये बसणारं लेझर काडतूस वापरा. ५ मीटरवर भिंतीला नाण्याएवढा ठिपका चिकटवा आणि हळू ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या शस्त्राचा ट्रिगर ओढा. लेझर कधी हलतो ते बघायचं, किती हलतो ते नंतर.

टेक-अपमध्येच ठिपका सरकत असेल तर बोट फ्रेमला घासतंय, किंवा बोटाबरोबर बाकीची तीन बोटंही मूठ आवळताहेत. ही दुसरी सवय फारच सर्रास आढळते. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जातात त्यात हिचा मोठा वाटा असतो. यावर कुठलाच पार्ट चालत नाही. आधाराचा हात जास्त घट्ट आणि गोळी झाडणारा हात थोडा सैल, म्हणजे बोट मोकळं राहतं.

वॉलपासून ब्रेकपर्यंत ठिपका थरथरत असेल तर क्रीप किंवा वजन. इथे ट्रिगरचं काम खरंच उपयोगी पडतं.

ब्रेकपर्यंत ठिपका स्थिर आणि सुटल्यावर झटका, तर ओव्हरट्रॅव्हल किंवा ढिली पकड.

ड्राय फायरला सगळं स्थिर आणि रेंजवर मात्र गोळ्या खाली, तर ती धक्क्याची भीती. मॅगझीनमध्ये डमी काडतुसं अधूनमधून मिसळा, कुणा दुसऱ्याला भरायला सांगा. डमीवर नळी खाली बुडी मारते ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. अशा माणसाला २ पौंडांचा ट्रिगर दिला तरी तो खालीच मारेल.

आणि ज्यांच्याकडे डबल/सिंगल ॲक्शन पिस्तूल आहे (डबलमध्ये ट्रिगरच हॅमर चढवतो आणि सोडतो, सिंगलमध्ये हॅमर आधीच चढवलेला असतो) त्यांच्यासाठी फुकटची चाचणी: एकाच कागदावर ५ गोळ्या डबल ॲक्शनने, ५ सिंगलने, ७ मीटरवरून, सावकाश. शस्त्र तेच, पकड तीच, ट्रिगर जड आणि हलका. दोन्ही गटांचा केंद्रबिंदू एकाच जागी आणि पसारा जवळजवळ सारखा असेल तर वजन हा तुमचा प्रश्न नाही.

नवी_माशी

ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचतच नसेल तर? माझ्यासारखे लहान हात.

वर्तुळातला_ठिपका

मग आधी तेच. नळी मनगट-कोपराच्या रेषेत ठेवून पिस्तूल धरा आणि बोट ट्रिगरवर टेकवा. पहिल्या पेराच्या गादीचा मध्य ट्रिगरवर यायला हवा आणि बोट व फ्रेम यांत कागद सरकेल एवढी फट दिसायला हवी. फट नसेल तर लहान बॅकस्ट्रॅप (मुठीच्या मागची बदलता येणारी पट्टी) लावा. तरी नाही जमलं तर ट्रिगरचा पुढचा भाग सपाट किंवा थोडा मागे असलेला घेता येतो. सर्वांत लहान बॅकस्ट्रॅप लावूनही पकड वळवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं नाही. त्यावर आणखी पार्ट चढवू नका.

फाइलपट्टी

आता यंत्रणेबद्दल. ग्लॉकपासून सुरू करतो, कारण बहुतेक प्रश्न त्याच्यावरच येतात आणि त्याच्यात एक उलटी गंमत आहे.

ग्लॉकचा स्ट्रायकर (हॅमरऐवजी स्प्रिंगने पुढे झेपावणारा, टोकाला पिन असलेला दांडा) स्लाइड बंद झाल्यावर अर्धवट ताणलेला असतो. ट्रिगर ओढला की ट्रिगर बार त्याला आणखी मागे नेतो, फायरिंग पिन सेफ्टीचा खिळा वर उचलतो आणि शेवटी कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याच्या उतारावरून खाली घसरून स्ट्रायकर सोडतो. बोटाला जाणवणारं वजन चार जागांहून येतं: स्ट्रायकरची स्प्रिंग, सेफ्टी खिळ्याची स्प्रिंग, कनेक्टरचा कोन आणि या सगळ्यांतलं घर्षण. ट्रिगरची स्वतःची कॉइल स्प्रिंग मात्र ट्रिगरला मागे ओढायला मदत करते. म्हणजे ती जास्त ताकदीची घातली की ट्रिगर हलका होतो. "हलकी स्प्रिंग म्हणजे हलका ट्रिगर" असं धरून कमी ताकदीची घालणारे ट्रिगर जड करून बसतात.

कनेक्टरवर खूण असते. मायनस म्हणजे साधारण ४.५ पौंड, प्लस म्हणजे ८ च्या आसपास, नेहमीचा ५.५. मायनसने वजन कमी होतं पण वॉल थोडी मऊ, पसरट होते. काहींना तेच आवडत नाही आणि ते परत मूळच्यावर जातात. तरी स्वसंरक्षणाच्या शस्त्रात बदल करायचाच असेल तर कंपनीचा कनेक्टर हा सर्वांत कमी धोक्याचा, कारण तो तिन्ही सेफ्टींना (ट्रिगरमधली पट्टी, पिन अडवणारा खिळा, ड्रॉप सेफ्टी) हात लावत नाही.

स्ट्रायकरची स्प्रिंग मात्र जिथल्या तिथे राहू द्या. मूळची ५.५ पौंडांची, बाजारात ४ पौंडांची मिळते. तिने ट्रिगर छान हलका होतो आणि पिनचा मार कमी पडतो. मऊ टिकलीच्या काडतुसांवर दिवसभर चालेल आणि कडक टिकलीवर "क्लिक" येईल. रेंजवर तो वैताग असतो, स्वसंरक्षणात मात्र शस्त्र ऐन वेळी मुकं झालेलं असतं.

याच स्प्रिंगची दुसरी बाजू: ग्लॉकमध्ये स्लाइड पुढे येताना रिकॉइल स्प्रिंगला स्ट्रायकरच्या ताणाविरुद्ध काम करावं लागतं. धक्का कमी व्हावा म्हणून कुणी रिकॉइल स्प्रिंग हलकी टाकली आणि स्ट्रायकर स्प्रिंग जास्त ताकदीची, तर ट्रिगर हळू ओढताना स्लाइड केसभर मागे सरकू शकते, पूर्ण बंद राहत नाही. तपासायला रिकामं पिस्तूल नळी वर करून धरा, ट्रिगर दाबून धरलेला असताना स्लाइड पूर्ण मागे न्या आणि हाताने हळूहळू पुढे येऊ द्या. रिकॉइल स्प्रिंगने ती स्वतःहून पूर्ण मिटवली पाहिजे.

आणि पार्ट मागवण्याआधी दोन मिनिटांचं काम. ट्रिगर बारचं मागचं टोक कनेक्टरला जिथे टेकतं तिथे तेलाचा एक थेंब. ती जागा कोरडी असली की ट्रिगर जड आणि खरखरीत लागतो, आणि लोक दोष कनेक्टरला देतात. स्ट्रायकरच्या नळीत मात्र तेल अजिबात नको. तिथे तेल गेलं की काजळी आणि पितळेचा चुरा चिकटून चिखल होतो, स्ट्रायकर मंदावतो आणि हलका मार सुरू.

रिकामी_पुंगळी

फाइलपट्टींचं सगळं मान्य, पण धाग्याचा सूर "जड म्हणजे सुरक्षित" असा होत चाललाय, त्याला आक्षेप.

न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉकवर वर्षानुवर्षं १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा ट्रिगर ठेवला. हेतू एवढाच की बोट चुकून दाबलं जाऊ नये. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगबाहेर दोन पोलिसांनी एका सशस्त्र हल्लेखोरावर १६ गोळ्या झाडल्या आणि आजूबाजूचे ९ जण जखमी झाले, काही गोळीने, काही तुकड्यांनी. गर्दी, काही पावलांचं अंतर, पळापळ, हे सगळं त्यात होतंच. सगळं खापर ट्रिगरवर फोडता येणार नाही. पण त्यानंतर १२ पौंडांवर जाहीर वाद झाला आणि २०२१ मध्ये नव्या भरतीला ५ पौंडांच्या आसपासचा ट्रिगर देण्याचं ठरलं. चुकलेली प्रत्येक गोळी कुठेतरी जाऊन थांबते. जड ट्रिगरने एक प्रकारचा अपघात कमी केला आणि दुसऱ्या प्रकारचा वाढवला, तर सुरक्षितता वाढली कशी म्हणायची?

लोखंडी_चाप

१२ पौंड वाईटच, त्यावर वाद नाही. माझा मुद्दा खालच्या टोकाचा आहे.

दचकणं, तोल जाणं, दुसऱ्या हाताने काहीतरी जोरात पकडणं, या तिन्ही प्रसंगी पिस्तूल धरलेला हात नकळत आवळला जातो. त्या वेळी बोट ट्रिगरवर असेल तर ४ पौंड काय आणि ६ काय, दोन्ही सुटतील. तिथे वाचवतं ते बोट फ्रेमवर सरळ ठेवण्याचं वळण, आणि त्याखालोखाल ट्रिगरचा लांब प्रवास. वजनाचा नंबर तिसरा. म्हणून ५ पौंड आणि १२ मिमी प्रवास हे मला ५ पौंड आणि ३ मिमीपेक्षा पसंत. टेक-अप काढून टाकणारे "शॉर्ट ट्रॅव्हल" किट स्पर्धेला ठीक, कमरेच्या शस्त्राला नकोत.

अवांतर: १० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरची किमान मर्यादा ५०० ग्रॅम, २५ मीटरला १००० ग्रॅम. तिथल्या हलक्या ट्रिगरची उदाहरणं इथे देतात, पण तो नेमबाज उभा राहून, श्वास सोडून, ठरलेल्या दिशेनेच गोळी सोडतो. होल्स्टरमधून काढणं आणि घाईघाईने परत घालणं त्याच्या वाट्याला येत नाही.

रिकामी_पुंगळी

प्रवासाचा मुद्दा पटला. पण मग आकडा सांगा. "फार हलका नको" याचा काही उपयोग नाही.

लोखंडी_चाप

स्ट्रायकरच्या पिस्तुलाला ४.५ ते ६ पौंड, म्हणजे २ ते २.७ किलो. १९११ ला (त्या नावाचं जुन्या घडणीचं हॅमरवालं पिस्तूल) ४ ते ५, कारण त्यात अंगठ्याची आणि मुठीची सेफ्टी वेगळी आहे. डबल ॲक्शनला ८ ते १०. याखाली जायचं कारण स्वसंरक्षणात मला दिसत नाही.

फाइलपट्टी

१९११ चं नाव निघालंय तर बोलून घेतो, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथेच होते.

त्याचा ट्रिगर सरळ मागे सरकतो आणि सीअरला, म्हणजे चढवलेला हॅमर अडवून धरणाऱ्या तुकड्याला, ढकलतो. सीअर हॅमरच्या आकड्यातून निसटतो. हा आकडा जेमतेम अर्धा मिमी उंच असतो. तेवढ्यावर सगळं शस्त्र पेललेलं आहे. घरी बसून दगडाने "जरा गुळगुळीत" करताना कोन अर्धा अंश फिरला की सीअर आकड्यातून स्वतःच बाहेर सरकायला बघतो. मग स्लाइड पुढे आपटली की हॅमर तिच्यामागोमाग खाली येतो. नशीब चांगलं असेल तर अर्ध्या खाचेवर अडकतो, नसेल तर एका ओढीत दोन गोळ्या सुटतात. शिवाय पृष्ठभागाचा कडक थर पातळ असतो. तो घासून काढला तर काम पहिल्या दिवशी सुंदर वाटतं आणि काही शे गोळ्यांनंतर कडा झिजून ट्रिगर बदलतो. म्हणून सीअर-हॅमर घासायचं काम ज्याच्याकडे जिग आणि भिंग आहे त्या परवानाधारक आर्मररचं (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं). बऱ्याच ठिकाणी कायदाही तेच सांगतो.

घासाघाशीशिवाय होण्यासारखं बरंच आहे. मेनस्प्रिंग (हॅमरची स्प्रिंग) २३ पौंडांची असते, ती १९ ची केली की हॅमरचा आकड्यावरचा दाब कमी होतो आणि ट्रिगर उतरतो. तरी टिकली फुटायला जोर पुरतो. सीअर स्प्रिंगला तीन पाती असतात. मागून पाहिलं तर डावं सीअरवर, मधलं डिस्कनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटावी म्हणून ट्रिगर आणि सीअरचा संबंध तोडणारा भाग) आणि ट्रिगरवर, उजवं मुठीच्या सेफ्टीवर. लोक डावं पातं वाकवून वजन काढतात आणि नेमकं तेच पातं सीअरला हॅमरमध्ये धरून ठेवतं. ते ढिलं म्हणजे वरचाच हॅमर खाली येण्याचा प्रकार. ट्रिगर हलक्या धातूचा असण्यालाही कारण आहे: स्लाइड आपटताना जड ट्रिगर जडत्वाने मागे उसळतो आणि सीअरला टकटक करतो.

आणि रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका. काडतूस उचलताना स्लाइडचा वेग मोडतो, रिकामी असली की पूर्ण धक्का सीअरच्या त्या अर्ध्या मिमीवर बसतो.

वर्तुळातला_ठिपका

जडत्वावरून: २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग साउअर पी३२० चं प्रकरण गाजलं ते याच तत्त्वावर. स्लाइडची मागची बाजू विशिष्ट कोनात जमिनीवर आपटली तर ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे जात राहायचा आणि गोळी सुटायची. कंपनीने ऐच्छिक अपग्रेड काढलं, त्यात ट्रिगर, सीअर आणि स्ट्रायकर हलके केले आणि मेकॅनिकल डिस्कनेक्टर दिला. स्ट्रायकरच्या पिस्तुलाला दिसायला छान म्हणून भरीव धातूचा ट्रिगर लावताना हे आठवावं. ट्रिगरमधली ती छोटी पट्टी अशाच धक्क्यासाठी असते.

सहा_खणी

रिव्हॉल्वरवाल्यांना विसरू नका. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम आणि मोठ्या फ्रेममध्ये दोन स्प्रिंगा: हॅमरची पट्टी आणि ट्रिगरला पुढे ढकलणारी रिबाउंड स्प्रिंग. मुठीच्या पुढच्या बाजूला खाली एक स्क्रू पट्टीला ताण देतो. तो अर्धा फेरा सैल केला की ट्रिगर जादूसारखा हलका होतो, आणि हा "जुगाड" सर्वत्र सांगितला जातो. तो स्क्रू पूर्ण आवळलेलाच हवा. सैल केला की एक तर मार कमी पडतो, वर तो धक्क्यांनी आणखी सुटत जातो, म्हणजे आज चाललेलं शस्त्र पुढच्या महिन्यात चालेलच असं नाही.

रिबाउंड स्प्रिंग १८ पौंडांची काढून १५ ची घातली तर बोटाला फरक चांगला कळतो आणि टिकलीच्या माराला धक्का लागत नाही. याहून हलकी घातली तर ट्रिगर पुढे यायला आळस करतो. घाईत पुढची गोळी मारताना बोट ट्रिगरच्या पुढे निघून जातं आणि सिलिंडर फिरतच नाही.

तपासणी डबल ॲक्शनमध्येच करा, सहाही खणांत, जे काडतूस बाळगणार त्यानेच. सिंगल ॲक्शनमध्ये हॅमर थोडा जास्त मागे जातो, मार जास्त बसतो, आणि दोष लपतो.

नवी_माशी

पार्ट आर्मररकडून बसवून घेतला. घरी काय तपासायचं?

फाइलपट्टी

सगळं रिकाम्या शस्त्रावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. आर्मररने तपासलं असलं तरी करा.

ट्रिगरमधल्या पट्टीला न टेकता ट्रिगरच्या कडेला दाबून बघा. तो हलता कामा नये. मग ट्रिगर ओढा, स्ट्रायकर सुटेल. ट्रिगर मागेच दाबून ठेवा, स्लाइड मागे-पुढे करा, आणि आता ट्रिगर हळू सोडा. टक असा स्पष्ट आवाज येऊन तो पुढे आला पाहिजे. असं वीसेक वेळा; एकदाही आळशी झाला तर शस्त्र परत आर्मररकडे.

स्लाइड दोन-तीन मिमी मागे धरून ट्रिगर ओढा. सुटता कामा नये.

स्लाइड काढून उलटी धरा. स्ट्रायकरचा मागचा कान मागे ओढून हळूच पुढे सोडा, सेफ्टी खिळ्याला टेकेल. आता त्याला पुढे दाबा. पिनचं टोक समोरच्या भोकातून बाहेर दिसलं नाही पाहिजे. मग खिळा बोटाने दाबून स्लाइड हलवा, स्ट्रायकर आत खडखडला पाहिजे. दोन्ही गोष्टी हव्यात: खिळा अडवतो आणि खिळा सोडतो.

१९११ असेल तर: हॅमर चढवा, अंगठ्याची सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा. हॅमर पडला नाही एवढ्यावर थांबू नका. रिकामं पिस्तूल कानाजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला, आणि हॅमर अंगठ्याने किंचित मागे घ्या. बारीकशी टिक ऐकू आली तर सेफ्टी लावलेली असतानाही सीअर थोडा सरकला होता आणि आता परत जागेवर बसला. ती सेफ्टी बदला. मग मूठ न आवळता ट्रिगर दाबून मुठीच्या सेफ्टीचंही तसंच.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग तीन. एका ओढीत दोन सुटायचा दोष असेल तर तो दोनवर कळावा, सतरावर नाही. त्यानंतर बाळगायच्या काडतुसाच्या किमान २०० गोळ्या एकही अडथळा न येता गेल्याशिवाय ते शस्त्र स्वसंरक्षणासाठी धरू नये, असं मी मानतो. टिकल्यांवरचे खड्डे बघत राहा: खोल, गोल, मधोमध. उथळ दिसायला लागले की "क्लिक" येण्याआधीच इशारा मिळतो.

रिकामी_पुंगळी

ओव्हरट्रॅव्हल स्क्रूबद्दल पण लिहा कुणीतरी.

फाइलपट्टी

स्वसंरक्षणाच्या शस्त्रात तो स्क्रू नको. धक्क्यांनी पाव फेरा आत सरकला की ट्रिगर पुरेसा मागे जात नाही आणि शस्त्र मुकं. असलाच तर ट्रिगर सुटतो त्या जागेपासून चांगला अर्धा फेरा मागे आणि थ्रेडलॉकर लावलेला. ओव्हरट्रॅव्हल हवाच, थोडा.

उलटतपासणी

तांत्रिक नाही, पण याच विषयातला मुद्दा. स्वसंरक्षणात गोळी झाडली असं तुम्ही म्हणता तेव्हा ती जाणूनबुजून, नाइलाजाने झाडली असं तुमचं म्हणणं असतं. समोरच्या वकिलाला ट्रिगर कंपनीच्या मापापेक्षा हलका सापडला तर तो वेगळी गोष्ट मांडतो: गोळी चुकून सुटली, आणि चुकून सुटण्यासारखं शस्त्र याने स्वतः करून घेतलं. निष्काळजीपणाच्या आरोपाला स्वसंरक्षणाचा बचाव लागू पडत नाही, म्हणून ही वाट वकिलांना सोयीची. उपाय कंटाळवाणे आहेत: वजन कंपनीच्या मर्यादेत, पार्ट कंपनीचे, काम परवानाधारकाचं, बिल आणि मोजमाप लेखी. कुठलीही मूळ सेफ्टी काढलेली किंवा बांधलेली नको, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी. आणि एका ओढीत अनेक गोळ्या सोडणारे जोड विकत घेणं तर दूरच, विचारणाही करू नका. तो थेट गुन्हा आहे आणि त्याचा या धाग्याशी संबंध नाही.

नवी_माशी

घरी पॉलिश करायला काहीच हरकत नाही असं बरेच जण सांगतात. त्यांचं काय?

लोखंडी_चाप

ते ज्या चकाकीसाठी फिरत्या मशीनला हात घालतात तीच चकाकी ड्राय फायरने येते, फक्त वेळ लागतो. काही शे सावकाश ओढींनी एकमेकांवर सरकणारे भाग आपापली जागा घासून घेतात, आणि नेमके तिथेच घासतात जिथे घासायला हवेत. मशीन कडाही गोल करते. गोल झालेली कड म्हणजे वॉल गेली.

शिवाय तेवढ्या ड्राय फायरने बोटही सुधारतं. दिवसाला दहा मिनिटं पुरे. माशीवर नाणं ठेवून, ते न पडता ट्रिगर सुटला पाहिजे; मग भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर नळी धरून, ठिपक्याशिवाय, नजर फक्त माशीवर. लक्ष्य नसलं की माशीची हालचाल लपत नाही. रिमफायर शस्त्र (.२२ सारखं, जिथे पिन काडतुसाच्या कडेवर मारते) असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची डमी काडतुसं, लागतीलच, पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

वर्तुळातला_ठिपका

होल्स्टरचंही लक्षात ठेवा. ट्रिगर सपाट किंवा रुंद केला तर जुन्या होल्स्टरमध्ये घालताना कड लागते का ते रिकाम्या शस्त्रावर बघा. ट्रिगर गार्डपेक्षा रुंद शू (ट्रिगरवर चढवायचं रुंद टोपण) तर नकोच. जॅकेटच्या नाडीची गाठ गार्डमध्ये शिरून गोळी सुटण्याचे प्रकार होल्स्टरमध्ये परत घालतानाच होतात. तिथे घाई नसते, म्हणून डोळ्याने बघत, हळू.

नवी_माशी

शेवटचं. ट्रिगर गेजवर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. ४.८, ५.६, ५.१. गेज खराब?

फाइलपट्टी

बहुधा हात. गेजचा आकडा ट्रिगरच्या खालच्या टोकाला अडकवला की वजन कमी दिसतं, वर अडकवला की जास्त, कारण तरफ बदलते. बोट जिथे टेकतं तिथे पेन्सिलची खूण करा आणि प्रत्येक वेळी तिथेच अडकवा. पिस्तूल मऊ जबड्यांच्या शिकंज्यात धरा, ओढ नळीला समांतर, वेग एकच आणि हळू. १० वेळा मोजून सरासरी लिहा, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त यांतला फरकही लिहा. असं मोजूनही तो फरक अर्ध्या पौंडाच्या वर असेल तर कुठेतरी घाण किंवा खडबडीत कड आहे. वजन कमी करण्याआधी ती शोधा. ग्लॉक असेल तर पहिल्यांदा कनेक्टरवरचा तो तेलाचा थेंब.

नवी_माशी

थेंब टाकला. आता ५.२ ते ५.५.